शकुनवहिनीची बेलवांगी

टोमॅटोचं नाव काढलं की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. मला शिसारी येते. टोमॅटोची नव्हे, तो बिचारा काय करणार. ज्यांनी माझ्या वहिनीच्या हातचे टोमॅटो बोटं चाटत खाल्ले आणि नंतर तिच्याच नावानं बोटं मोडली, त्या माणसांची. त्यांत माझा सख्खा भाऊही आला. आज इतकी वर्षं झाली, पण ती शिसारी काही उतरली नाही, आणि उतरावी असं मला वाटतही नाही.

शकुनवहिनी म्हणजे माझ्या दादाची, शरच्चंद्राची बायको. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लग्न होऊन कलकत्त्याला आली तेव्हा मी कॉलेजात होते. आम्ही इथलेच. वडील तरुणपणी नोकरीसाठी आले ते इथेच राहिले, आम्हा भावंडांचा जन्म इथला. मी बोलते मराठीत आणि भांडते बंगालीत. दादा केंद्र सरकारच्या एका कचेरीत होता आणि आम्ही डमडमला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. वर घरमालकीण प्रेमलतादी आणि त्यांचं मासेखाऊ कुटुंब. मागे एक चिंचोळं अंगण, त्यापलीकडे हिरव्यागार पाण्याचं डबकं, ज्याला तिथले लोक मोठ्या मानानं तळं म्हणत.

वहिनी दिसायला साधी, बोलायला कमी. पण जेवणाच्या बाबतीत तिचं एक खूळ होतं. कलकत्त्याच्या बाजारातला टोमॅटो तिला चालत नसे. गुळगुळीत, गोल, लालभडक, आणि आत नुसतं पाणी. याचं सार करायचं म्हणजे गरम पाणी पिण्यातला प्रकार, असं तिचं मत. तिच्या माहेरी परसात एक जात होती, तिला ते बेलवांगं म्हणत. बुटकं, चपटं, अंगाला खोल चिरा पाडल्यासारख्या वळ्या, साल इतकी पातळ की बोट लावलं तर फुटावी. दिसायला कुरूप म्हणावं असं फळ. पण त्याचं सार भुरकल्यावर दुसऱ्या साराला हात लावावासा वाटत नाही, हे मी स्वतः सांगते, आणि मी कुणाच्या स्वयंपाकाचं उगाच कौतुक करणाऱ्यांतली नाही. वहिनीच्या आजीनं ती जात धरून ठेवलेली, मग वडिलांनी. गावात इतरांनी केव्हाच ती सोडून गोल विलायती टोमॅटो लावले होते.

अठ्ठेचाळीस साली गांधीजींच्या खुनानंतर त्या भागात ब्राह्मणांची घरं जाळली, त्यांत तिच्या माहेरचं घर गेलं. परसही गेलं, विहिरीवरचा रहाटसुद्धा जळाला म्हणे. वडील पुण्याला बहिणीच्या दोन खोल्यांत जाऊन राहिले आणि वर्षभरात गेले. वहिनीकडे माहेरचं म्हणून उरलं काय, तर लग्नात येताना ट्रंकेत टाकलेली एक पुरचुंडी. राखेत घोळलेलं बेलवांग्याचं बी. तोवर ती ते हौसेनं लावत होती. त्यानंतर मात्र तिनं ते जिवाच्या करारानं लावलं.

आणि कलकत्त्याची माती! चिकट, काळपट, पावसाळाभर पाण्यात बसलेली. दुर्गापूजा संपून हवेला जरा कोरडेपणा आला की ती रोपं लावायची. सकाळी ताठ उभं असलेलं रोप संध्याकाळी मान टाकायचं, पानं हिरवीच्या हिरवी. खोड कापून पाण्यात धरलं की त्यातून पांढरट चिकट धागा सुटायचा. मला तो बघवत नसे. एका हंगामात सगळा वाफा असा गेला, एकच रोप कोपऱ्यात वाचलं. त्या एका रोपावर तिनं पुढच्या वर्षाचं बी धरलं. बी धरणं हा तर आणखी घाण कारभार. चांगल्यात चांगल्या फळाला लाल चिंधी बांधायची, ते कुणी तोडायचं नाही, वेलावर पार मऊ पडू द्यायचं. मग त्याचा गर वाटीत कुजत ठेवायचा. वर पांढरी बुरशी धरली, घरभर आंबूस वास सुटला, की मग धुवून, वाळवून राखेत. आणि इथल्या पावसाळ्यात साठवलेलं बी बुरसतं, म्हणून जुनं ठेवून भागत नसे. दर वर्षी सगळं पेरायचं, दर वर्षी नवं धरायचं. एक हंगाम चुकला तर जात संपली, इतका साधा हिशेब होता तो.

उपाय सुचवला प्रेमलतादींनी. वाफा हातभर उंच करायचा, तळ्यातला गाळ घालायचा, आणि रोपाखाली खोल खड्ड्यात मासळी पुरायची. मासळी म्हणजे खवले, कल्ले, आतडी, त्यांच्या स्वयंपाकघरातली रोजची घाण. वहिनी पहिल्या वर्षी वरच्या जिन्यात पाऊल टाकतानासुद्धा नाकाला पदर लावायची. मला वाटलं, ही आता पुन्हा वर पाऊल टाकणार नाही. पण दुसऱ्या दिवशी ती स्वतः बादली घेऊन वर गेली.

ती बादली मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. लालसर पाण्यात तरंगणारे डोळे, बोटाला चिकटणारे खवले, आणि तो वास. मांजरं मागे, कावळे वर. वहिनी खड्ड्यात ते ओतायची, वर राख, वर माती, आणि मग कोपऱ्यात जाऊन कोरड्या ओकाऱ्या काढायची. थंडीतसुद्धा डोक्यावरून अंघोळ करून मगच चुलीशी जायची. "मला रोज किळस येते गं," ती म्हणाली होती, "पण यांना हवंय ते." यांना म्हणजे रोपांना. त्या वर्षी वाफा असा माजला की काठ्या मोडून पडल्या. चैत्राच्या उन्हात फुलं गळतात, म्हणून तिनं वर तरट बांधलं आणि पार वैशाखाच्या तोंडापर्यंत फळं घेतली.

आता मीनाक्षीबाई. दादाच्या साहेबांची बायको, अलिपूरला सरकारी बंगला, दाराशी माळी आणि मोटार. बदलीवर आलेल्या मराठी अधिकाऱ्यांच्या बायकांचा एक घोळका होता, आज हिच्याकडे भजन, उद्या तिच्याकडे हळदीकुंकू. मीनाक्षीबाई त्याच्या स्वयंघोषित पुढारी. आमच्याकडे एकदा सगळ्या आल्या, वहिनीनं बेलवांग्याचं सार केलं, आणि झालं. काय ते कौतुक, काय ती गावच्या चवीची आठवण. एकीनं तर डोळ्यांना पदर लावला. त्यानंतर मीनाक्षीबाईंची मोटार दर आठवड्याला रिकामी टोपली घेऊन यायला लागली. विचारणं नाही, पुसणं नाही, टोपली पुढे. ड्रायव्हरला चहा पाजायचा तोही आम्हीच. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

वहिनी देत गेली. भोळेपणानं नव्हे, हे आधीच सांगते. दादाची बदली आज ना उद्या दिल्लीला होणार होती, तिथे वरच्या मजल्यावरची जागा, मातीचा कण नाही. इथली जात इथेच कुणाच्या तरी अंगणात जिवंत राहिली पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात. म्हणून फळांबरोबर तिनं घरोघर बी दिलं. कसं पेरायचं, कसं धरायचं, हे प्रत्येकीला बसून समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्रेपन्नच्या माघात मीनाक्षीबाई स्वतःच आल्या. घरी गणेशजयंती होती, नैवेद्याला चांगली फळं हवीत, आपण हातानं निवडू म्हणाल्या. आम्हाला कल्पना नव्हती. त्या थेट मागच्या अंगणात शिरल्या तेव्हा वहिनी गुडघ्यावर बसून रोहू माशाची आतडी खड्ड्यात ढकलत होती आणि मी नाक दाबून फावडं धरून उभी होते. मीनाक्षीबाईंनी खड्डा पाहिला, वहिनीचे हात पाहिले, वेलावरची फळं पाहिली. मग तुळशीजवळच भडभडून ओकल्या. ते मी साफ केलं.

पुढचा आठवडा म्हणजे नुसता तमाशा. आम्हाला मासे खाऊ घातले, देवाला मासळीचा नैवेद्य दाखवायला लावला, असं घरोघर झालं. कुणी गोमूत्र प्यालं, कुणी पंचगव्य घेतलं. ज्या बायकांनी साराच्या वाट्या चाटून पुसून ठेवल्या होत्या त्या आता, आम्हाला तेव्हाच वास आला होता, म्हणून सांगायला लागल्या. डोंबल वास आला होता! जमिनीत कुजून गेलेल्या माशाचा वास फळाला येत असता तर सगळ्या बंगालची भाजी टाकून द्यावी लागली असती. पण ऐकतो कोण. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली.

दादाला कचेरीत साहेबांनी बोलावून काही तरी सुनावलं. काय सुनावलं ते त्यानं सांगितलं नाही, पण तो घरी आला तो घाबरून. बढतीचं घाटत होतं ना. वाफा उपटून टाक, म्हणाला. वहिनीनं कधी नव्हे ती मान वर केली. म्हणाली, एवढी चिंधी बांधलेली फळं पिकू देत, हिरवी आहेत, बी अजून कच्चं आहे, घरात दुसरं बी नाही, मग सगळं उपटते आणि पुन्हा मासळीला हात लावत नाही. दादानं एकदा मागच्या दाराकडे पाहिलं. मग "बरं" म्हणाला. माझ्यासमोर म्हणाला.

पुढच्या रविवारी त्यानं आम्हा दोघींना बागबाजारला आमच्या एका जुन्या नातेवाइकांकडे पाठवलं, आजारी आहेत, भेटून या म्हणून. परतलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच वास आला. रॉकेल, आणि त्यात भाजलेली कुजकी मासळी. असला वास मी आयुष्यात पुन्हा घेतला नाही. दादानं रोपं उपटली होती, खड्डे उकरले होते, सगळ्याचा ढीग करून वर रॉकेल ओतलं होतं. हिरवा पाला धड जळत नव्हता, नुसता धुमसत होता. फळं आतल्या आत उकडून फुटली होती. दादा ढिगाजवळ नाकाला रुमाल लावून उभा होता, आणि त्याच्या शेजारी साहेबांचा ड्रायव्हर. त्याला मुद्दाम थांबवून ठेवलं होतं, बघून जाऊन सांगावं म्हणून. आपला सख्खा भाऊ इतका लाचार असू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मी त्याला बंगालीत जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वहिनी काठीनं ढीग उकरत बसली. एक चिंधी सापडली, फळ काळं. दुसरं फळ हातात घेतलं तर त्याचा नुसता लगदा झाला. मग ती उठली आणि दादाला म्हणाली, "तिकडे जाळलं ते लोक माझ्या ओळखीचे नव्हते." बस्, तेवढंच. त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतं बोलायची, तेही माझ्यातर्फे.

मग सुरू झाली आमची वणवण. जिला जिला बी दिलं होतं तिच्या दारी. वहिनी सांगायची, चिमूटभर परत द्या, एवढंच. एकीनं ते कधी पेरलंच नव्हतं, पुडी कुठे गेली ठाऊक नाही. दुसरीनं मासळीचं कळल्यावर पुडी मोरीत टाकली होती, वर हात धुतले होते, आणि हे ती आम्हाला अभिमानानं सांगत होती. तिसरीनं दार अर्धवट उघडून, आत पाहुणे आहेत म्हटलं. आत रेडिओशिवाय कुणी नव्हतं. मला त्या प्रत्येक उंबऱ्यावर थुंकावंसं वाटत होतं.

बातमी दिली ती अलिपूरच्या बंगल्यावरच्या माळ्यानं, रस्त्यात भेटला तेव्हा. मीनाक्षीबाईंच्या बंगल्यात, मागच्या व्हरांड्यात, मोठ्या कुंड्यांतून बेलवांगी लागली होती. वहिनीनं दिलेल्या बियांचीच. आणि नुसती लागली नव्हती, हिवाळ्यातल्या बागप्रदर्शनात त्यांना बक्षीस मिळालं होतं. दुर्मिळ जात म्हणून. मालकीण मीनाक्षीबाई.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू त्यांच्याकडे होतं. आम्हाला बोलावणं नव्हतंच. वहिनीनं कपाटातलं ठेवणीतलं लुगडं काढलं. "दारात आलेल्या सवाष्णीला कुंकू न लावता परत पाठवता येत नाही," म्हणाली. ते खरं होतं. मीनाक्षीबाई एक वेळ माणुसकी सोडतील, रीत सोडणार नाहीत. मी बरोबर गेले, कारण ती एकटी गेली असती तर मला झोप लागली नसती.

व्हरांड्यात कुंड्या होत्या. वर जाळीचं छप्पर, सावली, आणि वेलांवर शेवटची फळं. तीच चपटी, वळ्यावळ्यांची. वहिनी तिथे क्षणभर थबकली. कुंडीशेजारी एक उघडं पोतं होतं, राखाडी भरड चुरा. मी माळ्याला विचारलं हे काय. हाडांचा चुरा, तो म्हणाला, बाईसाहेबांनी दुकानातून मागवला, याच्यानं फळ चांगलं धरतं. कुणाची हाडं ते त्यानं सांगितलं नाही, आणि विचारायची गरज नव्हती. मी तोंड उघडणार तोच वहिनीनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आत गौरीची आरास. मांडणीत कलिंगडाची कमळं, काकडीच्या होड्या, आणि मधोमध चांदीच्या ताटात बेलवांगी, बाजूला प्रदर्शनाचा बिल्ला. बायका आंब्याची डाळ खात होत्या. आम्हाला पाहून चमचे थांबले. वहिनीनं सगळ्यांसमोर मीनाक्षीबाईंच्या पाया पडून क्षमा मागितली. चुकलं म्हणाली, तुमच्या धर्माचा विचार करायला हवा होता. मला वाटलं, जमिनीत गाडून घ्यावं. मग तिनं एक फळ मागितलं. एकच, बियाण्यासाठी.

मीनाक्षीबाई हसल्या. "बी बाहेर द्यायचं नाही असं ठरवलंय आम्ही. पुढच्या वर्षी पुन्हा प्रदर्शन आहे. आणि तुझ्या हाती दिलं तर ते पुन्हा त्या घाणीतच जाणार. पण आलीस तर खाऊन जा. शुद्ध कसं लागतं ते तरी कळेल."

त्यांनी आराशीतल्या ताटातलं सगळ्यात पिकलेलं फळ घेऊन सगळ्यांसमोर चिरलं, चकत्यांवर साखर भुरभुरली आणि बशी पुढे केली. वहिनीनं एक चकती तोंडात घातली. मग दुसरी. सावकाश चावून सगळी बशी संपवली. कसं आहे, असं मीनाक्षीबाईंनी विचारलं तर तिनं नुसती मान हलवली. ओटीत हरभरे घातले, कुंकू लावलं, पन्हं दिलं. ते तिनं हातानंच नको म्हटलं. एकही शब्द नाही. डोळे खाली. एक बाई दुसरीला कुजबुजली, शरमली बिचारी. आणि मला, खरं सांगते, त्या घोळक्याइतकीच तिचीही किळस आली. जिनं आपलं सर्वस्व लाटलं तिच्या पाया पडायचं, तिच्या बशीतलं खायचं, वर मान डोलवायची. मी तिच्याकडे न बघता चालायला लागले.

फाटकाबाहेर बंगल्याची भिंत वळते तिथे तिनं माझा हात धरला. काही बोलली नाही. माझी मूठ उघडली, तळवा वर केला, दुसरा हात त्याखाली धरायला लावला. मग वाकली आणि तोंडातलं सगळं माझ्या ओंजळीत ओकल्यासारखं थुंकली. लाल, चिकट, थुंकीनं भरलेलं, आणि त्यात बी. गालफडातून, दातांच्या मागून, जिभेखालून बोटानं काढून काढून तिनं उरलेलं माझ्या तळव्यावर पुसलं.

"एकही गिळलं नाही," ती म्हणाली.

ऊन मी म्हणत होतं आणि रस्त्यावरची माणसं बघत होती. थुंकी बोटांच्या फटीतून मनगटावर उतरत होती. मी मूठ मिटली नाही, बी चिरडलं असतं. तशीच उघडी ओंजळ समोर धरून ट्रामच्या थांब्यापर्यंत चालत गेले, आणि वहिनी माझ्या बाजूनं पदराची सावली धरून चालत होती.